तिसरं दार

पर्सच्या आतल्या कप्प्यात, चिल्लर असते तिथे,
एक वाळका दाणा आहे.
वालाचा थोरला भाऊ म्हणा: चपटा, तपकिरी,
कडेला काळी रेघ.
हा जवळ असला की पैसा आटत नाही म्हणतात.
आटतो. मी लोकांचे पगार काढते, मला विचारा.

पणजोबांचा तो. कोरबान मल्लिक,
गाव हुगळीकडचं, पाठीवर गाठोडं,
गाठोड्यात चिकनचे रुमाल आणि उशांचे अभ्रे,
आणि न्यू ऑर्लिन्सच्या ट्रेमे भागात
एका काळ्या विधवेकडे भाड्याची खोली.
ट्रामच्या बाकावर तेव्हा सरकती पाटी असे,
गोरे पुढे, काळे मागे.
ते चढले की कंडक्टर पाटी हातात धरून
नुसता उभा राहायचा.
पणजोबा चालत जायचे.

सव्वीस सालचा मार्च, एकोणीस तारीख, शुक्रवार.
रोझालिया तांबुरेल्लोच्या किराणा दुकानामागे
संत जोसेफाची तीन पायऱ्यांची वेदी.
नवऱ्याचा ताप उतरला, त्याचा नवस;
आणि नवस फेडायचा तो जोगव्यासारखा
दारोदार मागून आणलेल्या पिठातूनच.
करवतीच्या आकाराचा पाव, शिडीचा पाव,
संताच्या दाढीचासुद्धा.
शेवयांवर भाजका चुरा भुरभुरलेला,
सुताराच्या घरचा भुसा म्हणून.
शेजारच्या मदर अर्नेस्टीनने आणलं
कोळंबी-भेंडीचं कालवण, पातेलंभर.
तिच्या बाहेरच्या खोलीतल्या चर्चमध्ये
गेलेली माणसं बोलायला येत.
पाद्र्याने नाक मुरडलं.
रोझालियाने पातेलं वेदीवर ठेवलं.

रीत अशी: पोरं होतात जोसेफ, मेरी, बाळ.
पहिलं दार वाजवतात: जागा नाही.
दुसरं: जागा नाही.
तिसरं उघडतं, पानं मांडली जातात,
पण ते तिघं जेवल्याशिवाय
कुणी घास उचलायचा नाही.

त्या वर्षी जोसेफाला गालगुंड झाले होते.
मेरी रडवेली, बाळ चिखलात,
आणि तिसऱ्या दारावर थाप पडली.
दाढी, पाठीवर ओझं, पायांवर धूळ.
"रुमाल घेणार, बाई?"
बायकांनी आधी छातीवर क्रूस काढला,
मग हाताला धरून आत ओढला.

पहिलं दार नाही, दुसरं नाही.
यात नाटक कसलं, त्यांना कळेना.
खुर्चीत बसवलं, बसले.
ताट आलं, तेव्हा म्हणाले,
आज नाही. अजून सूर्य आहे.
पाचवा रोजा होता.

दुपारचे अडीच.
चाळीस माणसं, शेवयांचा गोळा होत चाललेला.
रोझालिया म्हणाली, जोसेफ उपाशी तर घर उपाशी.
मदर अर्नेस्टीनने बूट काढले, पाय लांब केले,
"मग थांबू की," आणि झोपून गेली.
चारला पाद्री उठला.
पोरांनी करवतीचे दात कुरतडले.
पणजोबांनी गाठोडं सोडून एक मोठा टेबलपोस
नुसता दाखवायला काढला,
तो वेदीवरून परत आलाच नाही.
पैसे मिळाले का, यावर आमच्यात एकमत नाही.

सहा वाजून दहा मिनिटं.
खजूर नव्हता. अंजीर भरलेली बिस्किटं होती.
चालतं, ते म्हणाले.
मग चाळीस चमचे एकदम वाजले.

तांबुरेल्लोंची नातवंडं सांगतात,
साडेचारलाच त्यांनी भिडेपोटी एक तुकडा मोडला.
माझी आजी हे ऐकून दोन वर्षं
त्यांच्याकडचा पाव घेत नव्हती.
मदर अर्नेस्टीनने मात्र पुढच्याच मार्चात
स्वतःच्या खोलीत वेदी मांडली,
शिडीचा पाव कमरेइतका उंच.

निघताना सगळ्यांना एकेक दाणा मिळाला.
पेरू? पणजोबांनी विचारलं.
भाजलेला आहे, उगवायचा नाही.
मग?
ठेव जवळ.

त्यांची धंद्याची वही बंगालीत आहे, मला येत नाही.
लायब्ररीतल्या एका मुलाने ते पान वाचून दाखवलं:
टेबलपोस एक, गेला.
दाणा एक, जमा.
कुणाच्या खात्यावर, ते लिहिलेलं नाही.